आमच्या घरचं सांत्वन

त्या वर्षांत तुम्ही देवावर रागावला नाहीत का, असं मला पुढे एकदोघींनी विचारलं. अहो, रागवायलासुद्धा अंगात ताकद लागते. मी थकले होते. बास, एवढंच.

आमचं बिऱ्हाड मुलुंडला, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. ऐंशीच्या दशकातला मधला काळ. मजल्यावर बहुतेक कोकणातली माणसं. गिरण्या बसल्यावर कुणी वॉचमन झालं होतं, कुणी घरी मसाले करून विकत होतं. ख्रिस्ती आम्ही एकटेच. नवरा बसवर कंडक्टर. मी जवळच्याच एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला. दिवसभर उभं राहून गोळ्यांची पाकिटं खोक्यात भरायची. मूलबाळ झालं नाही. त्यावरून सासूबाईंनी ऐकवायचं ते सगळं ऐकवून झालं होतं, आणि आता त्या माझ्याच हातात होत्या.

आमच्या नगरकडे सासूला आत्याबाई म्हणतात. सासरे गेल्यावर आत्याबाई गावचं घर बंद करून आमच्याकडे आल्या आणि वर्षाच्या आत मोरीत घसरून खुबा मोडून बसल्या. हाड जुळलं, पण पाय काही उभा राहिला नाही. त्यात मोतीबिंदू. ऑपरेशन करून एक डोळा थोडाफार उघडला, दुसरा गेलाच. कान मात्र असे तिखट, की खालच्या मजल्यावर कुणी दार लोटलं तरी त्यांचं सुरू, ‘कोन आलं गं?’

म्हाताऱ्या माणसाचं करायला मी कधी ना म्हटलं नाही. माझ्या आईचंही मीच केलं होतं. पण आत्याबाईंची एक अट होती आणि त्या अटीनं माझी पार वाट लागली. त्यांना बेडपॅन द्यायचा, पुसायचं, लुगडं बदलायचं, ते फक्त मी. लेकानं आईला त्या अवस्थेत बघायचं नाही म्हणजे नाही. आम्ही एक बाई ठेवून पाहिली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिच्या अंगावर पेला भिरकावला. शेजारची मालवणीण चांगली होती, दुपारी पाणी द्यायची, गप्पा मारायची, पण तिलाही हात लावू देत नसत. मी सकाळी कामावर गेले की दुपारच्या सुट्टीत घरी पळत येईपर्यंत त्या दात आवळून पडून राहायच्या. सुट्टी अर्ध्या तासाची. त्यात यायचं, त्यांचं करायचं, जायचं. माझा डबा मी बहुतेक जिन्यात खाल्लाय. आणि कधी जमलं नाही, उशीर झाला, तर संध्याकाळी गादीसकट सगळं धुवायचं आणि वर बोलणी खायची.

‘आत्याबाई, तुमचा मुलगा घरात बसलाय ना,’ मी म्हणायचे. ‘त्याला हाक मारायची होती.’

‘म्या त्याला जन्म दिलाय. त्यानं माझं हे करायचं? लाज हाय का न्हाय तुला?’

नवरा बिचारा मान खाली घालून गॅलरीत जायचा. वाईट माणूस नव्हता. त्याला कुणी नको म्हटलं की सुटल्यासारखं वाटायचं, इतकंच.

आमच्या घरी रात्रीच्या जेवणाआधी कुटुंबप्रार्थना व्हायची. एक गीत, शास्त्रातला उतारा, मग रोजच्या मननाची जी छोटी पुस्तिका दर महिन्याला चर्चमधून मिळायची तिच्यातलं त्या दिवसाचं पान, आणि शेवटी प्रार्थना. आत्याबाईंना दिसत नव्हतं, नवऱ्याची ड्युटी कधी सकाळची कधी संध्याकाळची, म्हणून वाचायला मीच. चुकून एखादी ओळ गाळली की आत्याबाईंना बरोबर कळायचं. ‘पुढं काय लिवलंय? खाऊ नगंस.’

ती पानं लिहिणारी माणसं चांगली असणार. पण आठ तास झोपून उठलेली असणार, हे मला वाचतावाचता कळायचं. तुमची सगळी ओझी देव उचलतो, असं एक दिवस आलं. मी वाचलं आणि मनात म्हटलं, बरं झालं बाई, मग उद्याच्या चादरी त्याच्याकडेच देते. तो आपल्याला आईसारखं कुशीत घेतो, असं दुसऱ्या दिवशी. घेत असेल. माझ्या कुशीत तेव्हा ओलं लुगडं असायचं. मी हे कुणापाशी बोलले नाही. मोठ्यानं वाचत राहिले, आमेन म्हणत राहिले. आमेन म्हणताना कितीदा तरी जांभई यायची आणि आत्याबाईंना ती ऐकू जायची.

शेवटी मी ठरवलं. नगरला मिशनच्या काळापासूनचं म्हाताऱ्या बायकांचं एक वसतिगृह होतं. आमच्यात सगळे त्याला आश्रमच म्हणत. तिथे बायकांचं करायला बायकाच होत्या, आवार मोठं होतं, आत्याबाईंच्या गावाकडची भाषा बोलणारी माणसं होती. आत्याबाईंना तिथे ठेवायचं. हे नवऱ्याला सांगायचं धाडस मला होत नव्हतं, कारण मी बोलले की त्याचा चेहरा पडणार आणि मग मीच त्याची समजूत काढत बसणार. तरी ठरवलं, येत्या रविवारी त्याची ड्युटी संपली की चहाच्या वेळी सांगायचं. मला याची लाज नव्हती, आजही नाही. शनिवारी गॅलरीत कपडे वाळत घालताना शेजारणीला तेवढं बोलून टाकलं, अगदी हळू आवाजात.

‘धाड गो,’ ती म्हणाली. ‘तुझा तोंड बघ कसा झाला हा. माका तर बघवत नाय.’

त्याच आठवड्यात, बुधवारी की गुरुवारी, आमच्या चर्चचे पाळकसाहेब भेटीला येऊन गेले होते. तरुण माणूस, नुकताच आलेला, आणि मंडळ्या दोन सांभाळायच्या, एक आमची, एक कल्याणकडची. कायम धावपळीत. आत्याबाईंच्या खाटेपाशी बसून त्यांनी प्रार्थना केली. निघताना दारात थांबून मला विचारलं, ‘बाई, तुमच्यासाठी काय मागू देवापाशी?’

त्या महिन्याच्या पुस्तिकेत रोज सांत्वन हाच विषय चाललेला. तोच शब्द माझ्या तोंडी बसलेला. मी म्हटलं, ‘सांत्वन द्या कुठून तरी, पाळकसाहेब. छापलेलं पुरे झालं. माणसांचं द्या.’

त्यांनी मान हलवली. म्हणाले, एकदा मंडळीला घेऊन येतो. आणि जाऊन मंडळीच्या सेक्रेटरींना सांगितलं की अमक्यांच्या घरी रविवारी पाच वाजता सांत्वनासाठी प्रार्थना ठेवा, उपासनेत जाहीर करा, मी कल्याणहून परस्पर पोचतो.

आता आमच्या लोकांत सांत्वनाची प्रार्थना एकाच वेळी होते. माणूस गेलं, माती दिली, की दोनचार दिवसांत त्या घरी सगळी मंडळी जमते, त्याला सांत्वन म्हणतात. दुसऱ्या कशाला म्हणत नाहीत. त्या घरात चूल पेटवायची नाही, म्हणून येणाऱ्यांनी चहा, जेवण घेऊन यायचं. सेक्रेटरी साठीचे गृहस्थ. त्यांनी जाहीर केलं, बायकांनी चुकचुकून घेतलं, आणि माती नगरलाच देऊन आले असतील असं सगळ्यांनी आपापसात ठरवूनही टाकलं. आम्हाला यातलं काहीच ठाऊक नाही. नवरा ड्युटीवर, मी आत्याबाईंपाशी. त्या रविवारी चर्चला आमच्याकडचं कुणीच नव्हतं.

पाच वाजता दार वाजलं तेव्हा मी मोरीत चादर पिळत होते. तशीच उठले. केस सुटलेले, चादर हातात. दार उघडलं तर महिला मंडळाच्या अध्यक्षबाई, आणि त्यांच्यामागे जिन्यात खालपर्यंत पांढऱ्या साड्या. मला काही वेगळं वाटलं नाही. महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजनाचा, त्या दिवशी आमच्या बायका पांढरं नेसूनच चर्चला जातात. मला वाटलं, पाळकसाहेबांनी खरंच धाडलं की माणसांना.

अध्यक्षबाई दांडग्या होत्या. त्यांनी माझ्या हातातली चादर काढून घेतली, मागे कुणाकडे तरी दिली, आणि मला छातीशी धरलं. गच्च. मला आठवेना, असं मला शेवटचं कुणी कधी धरलं होतं. आणि मी रडायला लागले. साधंसुधं नाही, हंबरडाच म्हणा. बाईंच्या खांद्यावर तोंड खुपसून मी रडत होते आणि बाई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होत्या, ‘सुटलं गं लेकरा, सुटलं. किती केलंस तू.’

आता सांगा, यात शंका घ्यायला जागा कुठे होती? त्यांना वाटलं, सून सासूसाठी रडतेय. मला वाटलं, यांना माझं सगळं कळलंय.

बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरली गेली. मंडळी दाटीवाटीनं बसली. उरलेली गॅलरीत उभी राहिली. आतून आत्याबाईंनी ‘कोन आलं गं?’ विचारलंही असेल, पण त्या गडबडीत कुणाला ऐकू गेलं नाही. थर्मास आला, खिचडीचं मोठं पातेलं आलं, पावांची पिशवी आली. मला कुणी उठूच देईना. एकीनं हातात चहा दिला. मी दुसऱ्याच्या हातचा, गरम, बसून चहा पीत होते आणि डोळे पुसत होते. गीत सुरू झालं. जरा रडवं गीत होतं, पण आमची बरीच गीतं तशीच असतात, त्यामुळे तेही मला खटकलं नाही. शेजारीण मात्र गॅलरीतून डोकावून डोळे विस्फारून माझ्याकडे बघत होती आणि खुणेनं विचारत होती, कधी? मी तिला खुणेनं म्हटलं, बस ना गं.

गीत संपलं. पाळकसाहेबांचा पत्ता नव्हता, म्हणून सेक्रेटरी उभे राहिले. घसा खाकरून म्हणाले, ‘आपल्या प्रिय भगिनी मोठ्या मायाळू होत्या. कुणालाही कधी दुखावून बोलल्या नाहीत.’

होत्या? मी चहाचा कप खाली ठेवला. आणि कुणाला दुखावून बोलल्या नाहीत, हे कोणाबद्दल चाललंय?

तेवढ्यात आतल्या खोलीतून खोकला आला. मग आवाज. ‘कोन मेलंय गं?’

एक बाई किंचाळली. थर्मासचं झाकण घरंगळत पार दारापर्यंत गेलं. सेक्रेटरी उभे होते ते मटकन खाली बसले. अध्यक्षबाईंनी माझा दंड धरला आणि पांढऱ्याफटक चेहऱ्यानं आतल्या पडद्याकडे बघत राहिल्या. मग शेजारणीनं मोठ्यानं म्हटलं, ‘अगो बाय माझ्या! म्हातारी जिती हा!’

मग जो गलका झाला तो विचारू नका. सेक्रेटरी म्हणाले, पाळकसाहेबांनीच सांत्वन म्हटलं, मी काय मनानं सांगितलं? कुणी हसायला लागलं, कुणी देवाची क्षमा मागायला लागलं. एक म्हातारे गृहस्थ चप्पल शोधू लागले. मी आत धावले आणि आत्याबाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘मला भायेर ने.’

अध्यक्षबाई आणि आणखी दोघींनी त्यांना खुर्चीत बसवून खुर्ची उचलून बाहेर आणली. परक्या हातांना त्या काही बोलल्या नाहीत, हे माझ्या लक्षात आलं. पदर सारखा केला, आणि ज्या डोळ्यानं दिसत होतं तो डोळा सगळ्यांवरून फिरवला. लोक उठायच्या बेतात होते.

‘बसा,’ त्या म्हणाल्या. ‘निघाला कुठं? सांत्वनाला आला ना? मग करून जा.’

‘आत्याबाई, चूक झाली हो आमची,’ अध्यक्षबाई म्हणाल्या. ‘तुम्ही तर देवाच्या दयेनं…’

‘म्या जिती हाय. माझं काय करताय?’ त्यांनी माझ्या दिशेनं हात केला. नेम थोडा चुकला, पण सगळ्यांना कळलं. ‘ही मेलीय. हिचं करा.’

चप्पल शोधणारे म्हातारे गृहस्थ परत येऊन सतरंजीवर बसले.

‘तीन वर्सं झाली हिला मरून. कुनी च्या घेऊन आलं न्हाय. कुनी गळ्यात पडून रडलं न्हाय. म्या रोज बघते. बघते म्हंजे, ऐकते. पाय ओढीत चालती. वाचताना झोपती. आन् आज ही माझ्या लेकाला सांगनार हाय की म्हातारीला आश्रमात धाड. काल बोलली गॅलरीत. मला आलं ऐकू.’

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. भर मंडळीत, पांढऱ्या साड्यांत! मी म्हटलं, ‘आत्याबाई, मी…’

‘गप. तुला कोन बोलतंय? तुझं काय चुकलं? तुझ्या जागी म्या असते तर पहिल्याच वर्सी धाडली असती मला.’

आणि नेमका त्याच वेळी नवरा आला. दारात चपलांचा ढीग आणि गॅलरीत पांढरं बघून तो समजायचं ते समजला होता. खाकी कपडे, खांद्याला चामड्याची पिशवी, बूटसुद्धा न काढता तो ‘आई!’ असं ओरडत माणसं बाजूला सारत आत घुसला आणि खुर्चीपाशी येऊन गुडघ्यांवर कोसळला. आईचे पाय धरून हुंदके देऊ लागला. त्याला कळायलाच वेळ लागला की पाय गरम आहेत.

आत्याबाईंनी त्याच्या डोक्यावर एक टपली मारली. ‘माझ्याकडं काय बघतोस? बायकोकडं बघ.’

त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. लग्नाला बारातेरा वर्षं झाली होती. तो इतका वेळ माझ्याकडे बघत राहिला, की मला पदर ओढून घ्यावासा वाटला.

पाळकसाहेब पोचले तोवर खिचडी वाढायला सुरुवात झाली होती. त्यांना सगळी हकिगत चार तोंडांनी एकदम सांगण्यात आली. बिचारे कानापर्यंत लाल झाले. मग त्यांनी मला मधोमध बसवलं आणि माणूस गेलेल्या घरी करतात तशी, सगळ्यांना उभं करून, माझ्यासाठी प्रार्थना केली. लांबलचक काही बोलले नाहीत. प्रभू, या बाईला झोप दे, म्हणाले. तिच्या कामात आम्हाला वाटा दे, म्हणाले. देवाच्या प्रेमाबद्दल मी इतकी पानं वाचली होती, त्यातलं एकही मला आज आठवत नाही. हे आठवतं.

आश्रमाचं पुढे काय झालं ते सांगून टाकते, उगाच टांगून ठेवत नाही. आत्याबाई नगरला गेल्या नाहीत. मी परत तो विषय काढला, पण यावेळी त्यांच्यासमोरच, आणि त्या म्हणाल्या, थांब जरा, बघू. महिला मंडळानं पाळ्या लावल्या. बऱ्याचशा थोड्या दिवसांत थंडावल्या, माणसांचं असंच असतं, पण अध्यक्षबाई दर बुधवारी दुपारी यायच्या आणि आत्याबाई त्यांना हात लावू द्यायच्या. थकवा काही गेला नाही. माणूस अंथरुणाला खिळलेलं असतं तेव्हा तो जात नसतो.

त्या संध्याकाळी मंडळी अजून बसलेली असतानाच माझा डोळा लागला. भिंतीला टेकले होते, तशीच सतरंजीवर कलंडले म्हणे. कुणीतरी अंगावर चादर घातली. भांडी घासली गेली, पातेली गेली, दार कधी लोटलं गेलं, काही कळलं नाही.

जाग आली ती आतल्या आवाजानं. आतल्या खोलीत दिवा होता. बेडपॅन फरशीवर घासल्याचा तो आवाज मी कुठेही ओळखला असता. माझे पाय सवयीनं हलले. उठायलाच निघाले होते.

‘डोळं मिट,’ आत आत्याबाई म्हणत होत्या. ‘तिकडं तोंड कर. आन् आता सरकव. आरं, तसं न्हाय, मुडद्या!’

‘मग कसं गं आई? मला कुठे येतंय?’ नवऱ्याचा आवाज रडवेला झाला होता. ‘तिला उठवू का?’

‘हळू बोल,’ आत्याबाई म्हणाल्या. ‘तिला उठवलंस तर बघ. तूच कर.’

मी उठले नाही.